एम दाबलं की

शिवप्पांनी थोरल्या लेकीच्या नावानं आंघोळ केली, त्याला तीन वर्षं झाली. मंजुश्रीनं स्वतःच्या मनानं परजातीत लग्न केलं, तेव्हा उदगीरच्या घराच्या अंगणात चार भाऊबंदांदेखत त्यांनी डोक्यावर गार पाण्याची घागर ओतून घेतली आणि सांगून टाकलं, "आमची मंजू मेली." मेलेल्या माणसाची निदान आठवण काढतात. या घरात तेवढंही करायचं नव्हतं. गौरम्मांनी काय रडायचं ते पूजेच्या वेळी, आवाज न करता उरकून घ्यायचं. शिवप्पांपेक्षा बैल बरा, तो निदान कासरा ओढला की वळतो, असं त्यांचे सख्खे भाऊच म्हणत.

माणसं गप्प बसली, पण दुकानातला कॉम्प्युटर गप्प बसेना.

शिवप्पांचं मोंढ्याच्या रस्त्याला खत-बियाणांचं दुकान. कॉम्प्युटरवर ते बघायचे फक्त पाऊसपाणी. वरच्या पत्त्याच्या पट्टीत एम दाबलं की खाली 'मौसम'ची ओळ आपसूक यायची. हे त्यांना शिकवलं होतं मंजूनंच. ती असताना दुकानातली सगळी कामं तीच करायची. ती गेल्यावर तिच्या कॉलेजच्या, परीक्षेच्या जुन्या ओळी त्या पट्टीत उगवायच्या. ओळीच्या टोकाला बारीक फुली असते, ती दाबली की ओळ पुसते. शिवप्पांनी दोन दिवस बसून एकूण एक ओळ पुसली होती.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी एम दाबलं आणि मौसमच्या वर वेगळीच ओळ आली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं, 'मुलींची नावे'.

दुकानात त्यांच्याशिवाय कुणी बसत नाही. त्यांनी मागं वळून बघितलं, युरियाच्या थप्प्या होत्या. फुली दाबली, ओळ गेली. चार दिवसांनी दुसरी आली, 'महिना सातवा पाय सुजणे'.

मेलेल्या पोरीला सातवा महिना लागला होता.

भानामतीची शंका त्यांना आलीच. एरवी असल्या गोष्टींना हसणाऱ्या या माणसानं गुपचूप एका जाणत्याला बोलावून कॉम्प्युटरवर लिंबू ठेवून घेतलं. लिंबू सुकलं, ओळी काही सुकल्या नाहीत. शेवटी लाज सोडून त्यांनी नांदेडला नोकरीला असलेल्या मुलाला, शिवप्रसादला फोन लावला.

तो म्हणाला, "अप्पा, अक्काचं खातं त्या कॉम्प्युटरवर चालूच राहिलंय. आता तिनं नव्या मोबाईलवर तेच खातं घातलं असंल, तिकडं जे टाकती ते इकडं दिसून राहिलंय. आन् तुम्ही इकडं पुसलं की तिकडंबी पुसतंय."

"म्हंजी तिला कळत असंल?"

"कळत असंल की."

"कळू दे," म्हणत शिवप्पांनी फोन ठेवला.

तेव्हापासून दुकान उघडलं, विभूती लावली, उदबत्ती फिरवली, की पहिलं काम एम दाबायचं. ओळ असली तर आधी वाचायची, मग पुसायची. वाचायची काय गरज होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून बरं. 'मुगाची खिचडी चालते का' ही ओळ त्यांनी दुपारपर्यंत तशीच राहू दिली होती.

मग परवाच्या मंगळवारी दोन ओळी एकदम आल्या. एक लातूरच्या कुठल्याशा दवाखान्याची. दुसरीत एक अवघड शब्द होता, 'मराठीत एक्लॅम्प्सिया'. दोन्ही ओळी मोठ्यानं वाचत ते तो शब्द बियाण्याच्या एका पावतीमागं उतरवून लावत होते, तेवढ्यात गौरम्मा डबा घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचा दवाखाना ओ?"

"कुणाचाबी न्हाई," शिवप्पा खेकसले. चोरी पकडल्यासारखी त्यांची गत झाली. त्या रागात त्यांनी एकेक फुली न दाबता सगळंच पुसून टाकलं. मौसमसुद्धा गेलं.

बुधवारी एम दाबलं, काही नाही. गुरुवारीही नाही. हेच तर हवं होतं. पण त्यांना जेवण जाईना. शुक्रवारी दुपारी ते उठून शेजारच्या मेडिकलवाल्या मल्लिनाथकडे गेले आणि बियाण्याच्या पावतीमागं लिहिलेला तो शब्द पुढं केला.

"पोटुशी बाईला झटके येतेत त्यो," मल्लिनाथ म्हणाला. "वंगाळ आजार हाय. येळेवर दवाखाना न्हाई मिळाला तर बाई दगावती. कुणाला झालंय?"

शिवप्पा पावती घेऊन परत आले. शिवप्रसादला फोन केला, पण बहिणीचा नंबर त्याच्याजवळ नव्हता. तीन वर्षांपूर्वी शिवप्पांनीच त्याला शपथ घालून तो काढायला लावला होता. दवाखान्याचं नाव काही केल्या आठवेना. लातूरला दवाखाने काय एकदोन आहेत? पोरीचा ठावठिकाणा त्यांच्या बोटाखाली आला होता आणि त्यांनी तो स्वतः पुसला होता. 'मंजू मेली' हे बोललेही तेच होते.

मग त्यांना मुलाचं बोलणं आठवलं. तिकडचं इकडं येतं, तर इकडचंही तिकडं जात असेल. त्यांनी गौरम्मांना घरून बोलावून घेतलं, शेजारी बसवलं, सगळं सांगितलं. शिवप्पांनी एका बोटानं पट्टीत लिहिलं, 'मंजू जी ओळ खोटी असंल ती पूस'. एंटर दाबलं, भलतंच पान उघडलं. मग लिहिलं, 'मंजू जिती हाय'. आणि शेवटी, 'मंजू गेली'.

एम दाबलं. तिन्ही ओळी एकाखाली एक आल्या.

दर पाच मिनिटांनी ते एम दाबत होते. दोन गिऱ्हाइकं येऊन तशीच परत गेली. ऊन उंबऱ्याच्या बाहेर सरकलं. गौरम्मांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, त्या नुसत्या ओळी मोजत होत्या.

"दोनच हायत आता," त्या म्हणाल्या.

'मंजू गेली' नव्हती.

शिवप्पांच्या तोंडून हुंदका फुटला. तीन वर्षांत पहिल्यांदा ते बायकोसमोर रडले, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. लेक जिवंत होती, हातात मोबाईल धरण्याइतकी बरी होती. त्या भरात त्यांनी, गौरम्मांना न विचारताच, आणखी एक ओळ लिहिली. 'मंजूला अप्पा हाय'.

एंटर दाबलं, एम दाबलं. नवी ओळ दिसली. डोळे पुसून पुन्हा एम दाबलं, तर ओळ नव्हती. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी एकेक अक्षर बघून ती परत लिहिली. या वेळी ती एकदाही दिसली नाही.

मोबाईल जावयाच्या हातात असेल, ही शंका त्यांना आली नाही. इतका हट्ट कुणाचा, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं.

"आता काय म्हणती ओ?" गौरम्मांनी विचारलं.

शिवप्पांनी कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवला.

"बरी हाय म्हणती," ते म्हणाले.