बफरच्या आठ नळ्या

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ग्यानोबा मामा रेल्वेत फिटर होते, चौतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. रिटायर झाल्यावर कुणी शेत बघतं, कुणी गल्लीतल्या भांडणात पडतं. मामांनी आमच्या तरोड्यातल्या घराची पुढची खोली घेतली आणि तिथं मुदखेड जंक्शन बांधायला काढलं. आठ फूट बाय चार फूट प्लायवर, खऱ्यापेक्षा सत्याऐंशी पट लहान. रुळांखालची खडी म्हणजे गोदावरीची चाळलेली वाळू.

"लोकाचे आजे नातवंडाला आगगाडी आणून देतेत, ह्यांनी सोताला आणली," आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुला.

इंजिनं विकत आणलेली होती, पण विकतचं इंजिन मामांना उघडंबोडकं वाटायचं. "हे खेळणं झालं. इंजिन व्हायचंय आजून." मग ते एकेक गोष्ट त्याच्यावर चढवत. वायरीतली तांब्याची तार सरळ करून दाराशेजारचे दांडे. केसाएवढ्या तारेचे काचेवरचे वायपर. विटेची भुकटी आणि दिव्याची काजळी मिसळून चाकांवरची धूळ. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली ओघळाचा डाग असतो, तो ते कोऱ्या चहानं काढत, तीन-तीनदा वाळवून. एका इंजिनाला दोन महिने सहज जात.

एकदा चहा ठेवायला गेले तेव्हा मी म्हटलं, "मामा, ड्रायव्हरच्या खिडकीची कड अशी कोरी नसते. कोपर टेकून टेकून रंग गेलेला असतो तिथला."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुला कसं म्हाईत?"

"कॉलेजला असताना लातूर स्टेशनवर बघायची."

"लई बारीक बघती," ते म्हणाले आणि लगेच ब्रश घेतला.

या घरात माझ्या बारीक बघण्याची थट्टाच होते, म्हणून हे लक्षात राहिलं. माझी बुद्धप्रिया आठव्या महिन्यात झाली. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती आणि मी त्या काचेला नाक लावून तिची छाती वर-खाली होताना बघत होते. ती सवय गेलीच नाही. आता ती साडेतीन वर्षांची आहे, पण झोपली की अजून मी तिचे श्वास बघत मोजते. द्राक्ष चार तुकडे केल्याशिवाय देत नाही. शेंगदाणा तर घरात कूट करूनच येतो. माझा नवरा आनंदराज नायगावला शाळेत शिक्षक आहे, तो मला 'हेडमास्तरीण' म्हणतो.

मामांच्या खोलीतले तांदळाएवढे तुकडे पाहून मला तिचं तोंडच दिसायचं. मी भीत भीत बोलले तेव्हा हसले नाहीत ते एकटे मामाच.

"रास्त हाय तुजं," ते म्हणाले आणि मला त्यांची पद्धत दाखवली. सगळे सुटे तुकडे इडलीपात्रात. एका खळग्यात एकच जात आणि शेजारी चिठ्ठी, किती कापले त्याची. काम थांबलं की मोजणी. आणि तुकडे उघडे असतील तेव्हा दार ओढून त्याच्या मुठीला लाल कापडाचा झेंडा. गाडीखाली माणूस काम करत असला की दोन्ही टोकांना लाल झेंडा लावतात, तसाच.

"अन् ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात न्हाई लावायचा. खालचा माणूस भाईर आला का न्हाई हे लावणाऱ्यालाच म्हाईत असतंय."

दोन वर्षं हा नियम घरात कुणी मोडला नाही. मोडला तो मी.

नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळी बुद्धप्रियाला दोन शिंका आल्या आणि मी मोबाईल उघडला. आनंदराज बूट घालत होता. "झालं. आता दोन शिंकांचे आठ आजार निघतील त्यात. विशाखा, थोडं सोड ना गं पोरीला. तुझ्यामुळं तिलाच भीती बसेल एक दिवस."

तो गेला, पण ते शेवटचं वाक्य घरात राहिलं. ठरवलं, आज दिवसभर तिच्या मागे-मागे फिरायचं नाही.

माझी धाकटी बहीण समीक्षा मुलाखतीसाठी लातूरहून आली होती. जेवण करून तिला तीनची बस धरायची होती. मामा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते, आत्या शेजारी. खोलीत फेव्हिकॉल वाळत होता, म्हणून दाराला झेंडा.

"ताई, ते जंक्शन दाखव ना. फोटो तरी काढू दे."

"मामा नाहीत."

"दोन मिनिटं गं. हातसुद्धा नाही लावणार."

मी झेंडा काढून स्टुलावर ठेवला. बुद्धप्रिया माझ्या कडेवर होती. समीक्षानं फोटो काढले, फलाटावरचा बोटाएवढा चहावाला पाहून ती किंचाळलीच. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी पोरीला खाली ठेवलं, "हिला धर" म्हणाले आणि पळाले. गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आले तर दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. दार ओढलेलं. बुद्धप्रिया पाणी पीत होती आणि तिचे डोळे ओले होते.

"रडली का?"

"इंजिन हातात दिलं नाही म्हणून," समीक्षा म्हणाली आणि पिशवी उचलली.

साडेचारला मामा आले. स्टुलावरचा झेंडा त्यांनी उभ्या उभ्याच पाहिला.

"कोणी काढला?"

"मी, मामा. समीक्षाला दाखवायचं होतं. दोनच मिनिटं."

ते तसेच आत गेले. मला वाटलं रागावले, रागावणारच. मग आतून टेबल सरकवल्याचा आवाज आला. मी डोकावले तर मामा गुडघ्यांवर बसून टॉर्चनं फरशी बघत होते. सगळा केर त्यांनी झाडून एका जागी केला होता आणि आता चहाच्या गाळणीतून तो चाळत होते.

"विशाखा, बफरच्या आठ नळ्या कापल्या व्हत्या. सात हायत."

बफर म्हणजे इंजिनाच्या पुढं-मागं जे दोन-दोन गोल दट्टे असतात ते. त्यांच्या दांड्यासाठी मामा बॉलपेनची संपलेली पांढरी रिफील कापत. साबुदाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा, बस.

"पोरगी खोकलली का आज?"

"नाही मामा." समोरच ती भिंतीला टेकून बाहुलीला दम देत होती. "ठीक आहे ना ती."

"तू सगळा वेळ सोबत व्हतीस का?"

दूध आठवलं. समीक्षाला फोन लावला. बस लोह्याच्या पुढं गेली होती.

"समे, खरं सांग. मी दूध बघायला गेले तेव्हा ही खोकलली का?"

"बसमध्ये नीट ऐकू येत नाही गं," ती म्हणाली.

"समे!"

"खोकलली गं. जोरात. तोंड लाल झालं होतं. मी पाठीवर थापट्या मारल्या, मग थांबलं. तुला नाही सांगितलं... तू उगीच घाबरशील म्हणून."

मी समीक्षावर चिडले नाही. माझ्यापासून गोष्टी लपवायची सवय मीच सगळ्यांना लावली होती.

मामांनी तोवर चप्पल घातली होती. "कागद घे तिचे. रिक्षा बोलावतो."

"अवो, पोरगी हसून राहिली," दारात आलेल्या आत्या म्हणाल्या. "खोलीतच आसंल तुमची नळी. सकाळी जा."

"खोलीत न्हाई," मामा म्हणाले. "म्या बघितलं."

दवाखान्यात डॉक्टर सुकन्या मॅडमनी एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी पोरीला स्वेटर घालायला लागले.

"प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, एवढ्यावर सोडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. छाती त्यांनी पुन्हा तपासली, बराच वेळ. "उजव्या बाजूला हवा किंचित कमी वाटते. पण खेळतेय, रंग चांगला आहे. तपासायचं तर भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घालावी लागेल. एवढ्या लेकराला उगीच भूल द्यायला मी तयार होत नाही. आजोबा, नळी खोलीत राहिली नसेल? एवढासा तुकडा, मोजण्यात चूक होते."

"न्हाई होत, मॅडम."

"एवढं खात्रीनं?"

मामा उभेच होते. "चौतीस वर्षं गाडीखाली काम केलं. एक नट कमी भरला तर गाडी सोडत नव्हतो. वरून साहेब वरडून राहिला, पॅसेंजर शिव्या देऊन राहिले, तरी न्हाई. आठ कापल्या. चिठ्ठी हाय. सात हायत." मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. "ही तशीच एक आणली. तीन मिलीमीटर जाड, सहा लांब. पोकळ हाय."

मॅडमनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. तिच्यातून पलीकडचं दिसत होतं.

"पोकळ," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे अडकली असेल तरी मधून हवा जात असेल. म्हणून ही हसतेय." त्या माझ्याकडे वळल्या. "खोकला कुणी पाहिला?"

मी सगळं सांगितलं. झेंडा मी काढला तिथपासून.

"आजच करू," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत आत सूज येते. मग ही नळी सुटायची नाही."

सही करताना माझं नाव मला लिहिता येईना. 'शा'चा काना राहिला.

आनंदराज नायगावहून हेल्मेट हातात घेऊनच वर आला तेव्हा पोरीला आत नेलेलं होतं. मी सांगितलं. तो बाकावर बसला. "सकाळी मी तुला..." एवढंच म्हणाला आणि माझा हात धरून राहिला. आईबापासमोर त्यानं कधी माझा हात धरलेला नाही. आत्यांनी पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

दारावरचा दिवा लागलेला होता. मी मामांसमोर जाऊन उभी राहिले. "मामा, माझी चूक झाली. तुम्ही एकदा बोला तरी मला."

"काय बोलू?" ते फरशीकडे बघत होते. "झेंडा हा ज्याला म्हाईत हाय त्याच्यासाठी आसतो. तिला कुठं म्हाईत? घरात लेकरू हाय म्हणल्यावर कुलूप पायजे व्हतं. झेंड्यावर भागवलं ते म्या." नाक ओढून ते म्हणाले, "उद्या सगळं मोडून भंगारात देतो."

"द्या," आत्या म्हणाल्या. "द्या अन् मंग दिवसभर माजं टकुरं खा. गप बसा तिथं! कुलूप आणायचं सोडून खोलीच मोडायला निघाले."

"मोडायचं नाही, मामा," मी म्हणाले. "दाराला वर कडी लावू, माझा हात पुरेल तिथं." मी त्यांना कधी असं ठासून सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

पाऊण तास गेला. वाट बघण्यात माझी बरोबरी कुणी करणार नाही, एवढी वर्षं सराव आहे. पण त्या दिवशी कळलं की या कुटुंबात मोजणारी मी एकटी नव्हते. मी भीतीनं मोजत होते. मामा चौतीस वर्षांच्या शिस्तीनं. मी त्या दिवशी मोजायचं सोडलं होतं. त्यांनी सोडलं नव्हतं. पोरगी वाचणार असेल तर या दुसऱ्या मोजणीनं वाचेल, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि बाकावर बसलेल्या त्या वाकलेल्या माणसाचे पाय धरावेत असं वाटत होतं.

दार उघडलं. मॅडमच्या हातात प्लास्टिकची डबी होती. आत ओली पांढरी नळी.

"उजव्या बाजूलाच. एकसंध निघाली," त्या म्हणाल्या. "आजोबा, मापासकट नमुना घेऊन येणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं. मापावरून चिमटा निवडला, म्हणून पहिल्या झटक्यात आली."

आनंदराज भिंतीकडे तोंड करून रडला. आत्यांनी "नमो बुद्धाय" म्हणत पदर तोंडाला लावला. मी मामांच्या पायांकडे वाकले तर ते चार पावलं मागं सरकले. "ये, काय करून राहिली? दवाखाना हाय. उठ, उठ. परक्यासारखं काय आभार मानती?"

ते मला नीट म्हणू दिलंच नाही त्यांनी. आजतागायत नाही. म्हणून लिहितेय.

सकाळी घरी सोडायच्या आधी मॅडम पुन्हा छाती तपासायला आल्या. माझी नजर पाहून बहुधा, त्यांनी स्टेथोस्कोप स्वतःच्या कानांतून काढून माझ्या कानांत घातला. "ऐका. ही डावी बाजू. ही उजवी."

साडेतीन वर्षं मी हे फक्त डोळ्यांनी बघत आले होते. पहिल्यांदा ऐकलं. दोन्हीकडे एकसारखा, लांब, भरलेला.

"मामांना द्या," मी म्हणाले.

मामा नको नको करत पुढं आले. मॅडमनी त्यांचा चष्मा काढून नळ्या कानांत बसवल्या. त्यांनी डोळे मिटले. ऐकत राहिले, उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मॅडमना पुढचे पेशंट होते, तरी त्या थांबल्या.

"आबा," बुद्धप्रिया बसलेल्या आवाजात म्हणाली, "आत काय वाजून राहिलं?"

"तूच," मामा म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "दम जरा. आजून ऐकू दे."