दोन फोन, दोन वाघ

प्रफुलचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मोहफुलाचा हंगाम होता. मोहर्लीच्या अलीकडच्या त्या गावात अंगणाअंगणात फुलं वाळत पडली होती. मंडपात त्रिशरण सुरू झालं, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि नवरदेवाचा बापच जागेवर नव्हता.

"सोमाजी कुठी गेले?" व्याह्यांनी विचारलं.

"लाइन गेली होती ना, आता आली," नवरदेवाची आई सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मंग ते कायले थांबतात? सोताचं लग्न असतं तरी गेले असते."

सोमाजी रामटेके ग्रामसभेच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले होते. तो त्यांच्या मुलीने, नंदिनीने बसवलेला. ती नागपूरला कंपनीत कामाला होती आणि गावासाठी तिने एक साईट केली होती. जंगलात कोणाला वाघ दिसला की त्याने मोबाईलवरून त्या साईटवर जागा टाकायची. साईटच्या मागे दुसरा एक प्रोग्राम चालायचा. पडद्यावर तो दिसायचा नाही, पण जागा आली की घरोघर फोन लावायचा तोच. फोनमधून बचत गटाच्या आशाबाईंचा भरून ठेवलेला आवाज सांगायचा, "वाघ हाये. नाल्याकडं जाऊ नका."

खोट एकच होती. वीज जाऊन आली की साईट आपोआप उघडायची, मागचा प्रोग्राम मात्र झोपलेलाच राहायचा. त्याला हाताने उठवावं लागे. साईट उघडी दिसते म्हणून लोक निर्धास्त, आणि फोन तर कोणालाच जायचा नाही. ते उठवण्याचं काम सोमाजींनी अंगावर घेतलं होतं. लाइन आली की ते भरल्या ताटावरून उठत, आणि आता मुलाच्या लग्नातून उठले होते. गाव सोडून कुठे जात नसत. सत्यशीलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चंद्रपूरला जाऊन ऑपरेशन करायचं, ते यापायीच लांबत चाललं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नंदिनीने आईपुढे चहाची कपबशी धरली. आईचा हात कपाच्या बाजूने निघून गेला.

"बाबा, आईले दवाखान्यात काऊन नाई नेलं?"

"मी गेलो अन् लाइन गेली, त फोन कोण लावंन? वाघ लावंन का?"

नंदिनी ग्रामसभेच्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आता साईट सुरू झाली का तीच मागच्याले उठवते. मधात तो पडला, तरी पुन्हा उठवते. तुमी हात लावू नका."

सोमाजींनी मान हलवली. पण दुसऱ्या सकाळी लाइन जाऊन आली आणि पाय आपसूक खोलीकडे वळले. पोरीने केलं ते बरोबरच असणार, तरी एकदा उठवलेला बरा, असं म्हणत त्यांनी प्रोग्राम सुरू केला. झालं, मागे एकाचे दोन प्रोग्राम उभे राहिले. गावातल्या पोचूने नाल्याजवळ दिसलेला वाघ साईटवर टाकला तेव्हा दोघांनीही घरोघर फोन लावले.

सारं गाव पारावर जमलं.

"एका वाघाचा एक फोन येते," इसरू सांगत होता. "दोन आले, म्हणजे जोडी हाये गा!"

त्या दिवशी दूरच्या मोहाखालीही कोणी गेलं नाही. फुलं चितळांनी खाल्ली. खरं काय ते कळल्यावर बुधरीने सोमाजींना भर रस्त्यात धरलं. "काय वो भाऊ, प्रफुलच्या मांडवात वाघाचंही उरकलं का?"

नंदिनी हसून हसून खाली बसली. मग खोलीत जाऊन तिने आणखी एक सोय केली: एक चालू असेल तर दुसरा सुरूच होणार नाही.

"मंग माहं काम काय राह्यलं?" सोमाजींनी विचारलं. त्यांना हसू येत नव्हतं.

"आईले चंद्रपूरले न्यायचं. ते राह्यलंच हाये."

चंद्रपूरला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दुपारी वादळ सुटलं. इसरूचा फोन आला, गावची लाइन गेली. थोड्या वेळाने पुन्हा आला, लाइन आली. सोमाजी बाकावरून उठले, बसले, पुन्हा उठले. खोलीची किल्ली त्यांच्या खिशातच होती. आत्ता कोणी नाल्याकडे निघालं असेल तर?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "वाघ हाये," आशाबाईंचा आवाज म्हणाला. "तलावाकडं जाऊ नका."

ते फोन हातात धरून उभे राहिले. दुसऱ्या फोनची वाट पाहिली. दुसरा आला नाही.

"माह्या पोरीनं केलं!" ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले. मग पलीकडच्याला, मग औषध द्यायला आलेल्या नर्सबाईला. "इथी मी बसून हावो, अन् तिथी काम होऊन राह्यलं. कोणाचा हात नाई लागला!"

"पुरा दवाखाना गोळा कराल का आता?" डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सत्यशीलाबाई म्हणाल्या. पण हसत होत्या त्याही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. नंतर ते दोघं खूप फिरले. दीक्षाभूमीला गेले, आलापल्लीचे साग पाहिले, सिरोंचाला गोदावरीच्या काठी बसून मासे खाल्ले. जिथे जातील तिथे सोमाजी कोणालातरी आपल्या नंदिनीची गोष्ट सांगत, आणि सांगून झाल्यावर तिचा फोटो दाखवत.

सोमाजी रामटेके दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत, छातीच्या दुखण्याने, चंद्रपूरला वारले.