पोचूच्या आवाजातली हाक

माह्या भावजयीले, मनकर्णेले, मी आजवर कमी शिव्या नाई देल्या. पन त्या सांजेची गोष्ट सांगताना खोटं बोलनार नाई. काऊन बोलू? मी ना तिच्या देवाची मिंधी, ना तिच्या पाळकाची.

पोचू माहा धाकटा भाऊ. माय गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याले भात चारून मोठा केला. आमचं गाव अहेरीच्या पलीकडं, जंगलाले चिकटून. चौऱ्याऐंशीत त्यानं अन् मनकर्णेनं प्राणहितेत बाप्तिस्मा घेतला, तशी माह्या अंगाची नुसती आग आग झाली. गावानं त्याईच्या घरी जानं-येनं सोडलं. मी नाई सोडलं. भाऊ आहे माहा, टाकते का? पन मनकर्णेसंग रोजचं भांडन. ती बाई मोठी शांत, अन् समोरचा शांत राह्यला का मले अजूनच चेव येते.

पुढच्या उन्हाळ्यात पोचू तेंदूपत्ता तोडाले गेला तो आलाच नाई. दुसऱ्या दिवशी गावच्या मानसाईनं जंगल पालथं घातलं. नाल्याच्या अलीकडं त्याचा रक्तानं भिजलेला दुपट्टा सापडला, पानाचं गाठोडं सापडलं, भुईवर काहीतरी घसटत गेल्याचा माग दिसला. मानूस नाई. त्याच नाल्यात वाघानं गाय मारली होती, म्हनून कोनी पलीकडं पाय टाकला नाई.

गावचा पुजारी बुधू म्हने, "वाघानं नेला. आता सांजेले हाक येईन. कोनी ओ देऊ नका."

हे आमच्यात लेकराले बी ठाऊक आहे. वाघानं नेलेला मानूस सांज झाली का जंगलाच्या कडेले येते अन् आपल्या मानसाले नाव घेऊन बोलावते. ओ देली का तो बी गेला.

त्याच सांजेले हाक आली.

"मनकर्णाऽऽ!"

देवा रे! आवाज पोचूचाच. जेवाले वाढ म्हनताना जशी हाक मारे, तशीच. गावातली दारं धडाधड लागली. मी मनकर्णेपाशीच बसली होती. मनकर्णा उठली तसा मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"खबरदार! तो आपला पोचू नाई."

ती शांत बाई माह्या हाताले कचकन चावली.

"बाई, सोडा मले," ती म्हने. "आमच्या शास्त्रात मशीहाची साक्ष आहे. तो जन्माले याच्या किती पिढ्या आधी लिहून ठेवलेली. लोक त्याले हसतीन, त्याच्या हातापायाले भोकं पाडतीन, तो जीव तोडून हाक मारन अन् कोनी ओ देनार नाई. तसंच झालं. तो वर क्रूसाले टांगलेला होता अन् खाली मानसं उभीच होती ना, बाई! ऐकत होती. म्हनत होती, थांबा, पाहू कोन येते याले वाचवाले. हे वाचलं का मले त्या मानसाईचा लई राग येते. अन् आज मी तिथीच उभी आहे."

"अन् भूत असलं तं?"

"असू द्या. हाक तं मारून राह्यलं ना."

तिनं कंदील उचलला अन् आंगनात जाऊन गळा काढला, "ओऽऽ! आली मी!"

ती निघाली. मी बी निघाली. भाऊ माहा होता. भूत झाला तरी माहाच. रस्ताभर मी तिले शिव्या घालत होती, कारन शिव्या थांबवल्या असत्या तं मी रडली असती. आवाज समोर समोर जाये. आम्ही चुकलो का बाजूनं हाक येये, ती ओ दे, अन् आम्ही तिकडं वळो. नाला ओलांडला. बांबूच्या बेटापाशी आलो अन् आवाज बंद झाला.

तिथी पोचू पडला होता. जिता. डोळे उघडे, छाती हालत होती.

मनकर्णेनं कंदील जवळ नेला. वाघ नाई, अस्वलाचं काम होतं. अस्वल तोंडच धरते. त्याचा खालचा जबडा फाटून लोंबत होता. जीभ नव्हती.

मनकर्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी मात्र उभ्या जागी किंचाळाले लागली. ज्याले थुंका बी गिळता येत नव्हता, त्याच्या तोंडातून हाक कशी निघन? मंग एवढ्या वेळ आम्हाले कोन बोलावत होतं?

माह्या किंचाळ्या ऐकून शेवटी गावची मानसं आली. बाजेले पहिला खांदा बुधूनंच देला. अहेरीच्या दवाखान्यातून त्याले चंद्रपूरले नेलं. पोचू वाचला. बोलला मात्र कधीच नाई.

घरी आल्यावर मी त्याले विचारलं, "तू ऐकली होती का रे हाक?" त्यानं हो म्हनून मान हालवली. मंग आपल्या गळ्याले बोट लावलं, नाई म्हनून हात हालवला, अन् लेकरावानी रडला. मनकर्णेले विचारलं, "कोन होता गं तो?"

"तुमाले नाई समजलं, बाई?"

"नाई," मी म्हनलं. ती उठून चुलीकडं गेली. त्याचा बी मले रागच आला.

आता कवा कवा सांजेले पुन्हा हाक येते. तोच आवाज, पोचूचा, जुना. पन आता मनकर्णेचं नाव घेत नाई.

"बाईऽऽ!"

लहानपनापासून पोचू मलेच बाई म्हने. तो माह्यासमोर बसून पेज पीत असते. वाटी तोंडाशी थांबते. त्याले बी ऐकू येते. तो माह्या तोंडाकडं पाहत राहते, आता बाई ओ देईन, मंग देईन, म्हनून. माहे दात एकमेकावर गच्च बसतात, मले लई भेव लागते. पोचूले बोलता येत नाई. येत असतं तं माह्या वतीनं त्यानंच ओ देली असती.