दर शुक्रवारी रिकामा होणारा डबा

या छोट्या मित्रांनो, असे जवळ या. चपला दाराबाहेर काढल्यात ना? मग बसा मांडी घालून. कीर्तनाला अजून अर्धा तास आहे. सतरंजी अंथरून झाली, शेगडीवर चहाचं आधण चढलं. तेवढ्या वेळात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझीच आहे, पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल की ती खरी दुसऱ्याच कुणाची तरी आहे.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. दुधाच्या पावडरीचा. माझ्या अंगावर एकेकाळी हिरव्या कुरणात चरणारी गाय होती. आता तिची शिंगं आणि एक डोळा एवढंच उरलंय, बाकीची गाय हातांनी पुसली गेली. कुठल्या कारखान्यात मला वळवलं, कुणी डाख दिला, ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी जहाजाच्या पोटात होतो, आणि १९७६ साली आखातात, कतारच्या दोहा शहरात उतरून तिथल्या नजमा भागातल्या एका किराणा दुकानाच्या फळीवर येऊन बसलो.

तिथून मला उचललं मच्छिंद्रनं. नगर जिल्ह्यातला हा उंच सुतार इथं बांधकामाच्या फळ्या ठोकायच्या कामावर होता. गळ्यात तुळशीची माळ, कानावर पेन्सिल. एका खोलीत सहा जण राहत, सहा जणांच्या चहाला पावडर लागे. महिन्याभरात मी रिकामा झालो. कुणीतरी म्हणालं, "टाक तो कचऱ्यात." मच्छिंद्रनं मला उलटा केला आणि बुडावर तीन बोटं मारली.

"आरं, हा तर बोलतोय की!"

त्या दिवसापासून मी पखवाज झालो. मच्छिंद्र गावाकडं कीर्तनकारांच्या मागं टाळ धरून उभा राहत असे. ऐकून ऐकून त्याला पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तोंडपाठ. इथं दर शुक्रवारी दुपारी चार वाजता तो खांद्यावर पंचा टाकून खोलीच्या मधोमध उभा राही, आणि पाच कामगार पुढ्यात बसत, त्यातला एक मला वाजवी. माझ्याखाली टॉवेल घडी करून ठेवत, आवाज फार जाऊ नये म्हणून. तरी खाली राहणाऱ्या शिंप्याची बायको, रुकैयाबी, कधीकधी छताला झाडूचा दांडा ठोके. मच्छिंद्र हसून म्हणे, "बघा, टाळकरी खालीसुद्धा आहेत."

त्याचा एक लाडका दृष्टांत होता, आणि तो माझ्यावरच होता. मला हातात उंच धरून तो म्हणे, "मंडळी, हा डबा भरलेला होता तेव्हा मुका होता. मी लाख वाजवला असता, बोलला नसता. दूध वाटून टाकलं आणि मग ह्याच्या पोटात देव नाद करायला आला. आपलंबी तसंच आहे. जवळ धरून ठेवलंय तोवर मुके."

बोलणारे पुष्कळ असतात, मित्रांनो. हा तसा वागायचा. नवा माणूस आला की पहिली रात्र मच्छिंद्रचं पांघरूण त्याच्या अंगावर. कुणाची उन्हात डोकी फिरली, भांडणं झाली, की मच्छिंद्र दोघांच्या मध्ये चहा घेऊन उभा. पण सगळ्यांत मोठं देणं त्यानं केरबाला दिलं.

केरबा म्हणजे त्याचा शेजारच्या खाटेवरचा दोस्त. कोल्हापूरकडचा, कंपनीची पिकअप चालवायचा. रजा दर दोन वर्षांनी मिळे, आणि १९८०च्या शेवटी मच्छिंद्रची पाळी आली होती. बॅग भरून तयार. त्याच आठवड्यात केरबाच्या गावाहून पत्र आलं की मुलीचं, फुलाचं, लग्न ठरलं, पुढच्याच महिन्यात. कंपनी एका वेळी एकालाच सोडणार होती. केरबानं पत्र उशीखाली सारलं. मच्छिंद्रनं ते वाचलं, ऑफिसात गेला आणि स्वतःच्या नावावर काट मारून केरबाचं नाव घालून आला.

"येडा झालास काय?" केरबा म्हणाला. "पारूवहिनी काय म्हणतील?"

"म्हणेल, बरं झालं, खाणारं तोंड अजून थोडे दिवस लांब राहिलं! माझं गाव कुठं पळून जात नाही. पोरीचं लगीन जाईल. यल्ला, निघ आता."

केरबा विमानतळापर्यंत रडत गेला.

आता माझी दुसरी नोकरी सांगतो, कारण गोष्टीचं वळण तिथंच आहे. शुक्रवार सोडला तर मी फळीवर रिकामाच असे. म्हणून खोलीतल्या लोकांनी माझ्यात औषधं ठेवायला सुरुवात केली. त्यांची रीतच होती. जो रजेवरून येई तो गावच्या डॉक्टरकडून सगळ्यांसाठी गोळ्या आणी. त्या काळी डॉक्टर सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत. पाकीट असलंच तर कात्रीनं कापून वाटून घेत, कुणाला कमी पडू नये म्हणून. नाव कापलं जाई, गोळी उरे. गुलाबी म्हणजे तापाची, पिवळी म्हणजे पोटाची, एवढंच सगळ्यांचं शिक्षण. शुक्रवारी मला वाजवायचं असलं की सगळं खाटेवर पंच्यात ओतत आणि कीर्तन झालं की तसंच पुन्हा माझ्यात भरत. मायेनं भरलेला डबा होता मी. कुणाची नजर मात्र आत नव्हती.

केरबा गावी असताना मच्छिंद्रची कंबर धरली. जड फळी उचलताना कळ निघाली ती गेलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीभर गोळ्या दिल्या, किती आणि कधी घ्यायच्या ते समजावलं. तो अगदी सांगितल्याप्रमाणे घेई. पण उभं राहणं होईना. दोन महिने त्यानं कीर्तन बसून केलं. "बसून केलेलं कीर्तन म्हणजे बसून चालणं," असं तो स्वतःवरच हसत म्हणे. मनातून त्याला ते फार लागलं होतं.

१९८१च्या जानेवारीत केरबा परतला. लग्नाचे लाडू आणले, आणि दोस्तासाठी एक मोठी पुडी.

"मच्छिंदर, ही खास तुझ्यासाठी. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरची. आमच्याकडं म्हातारी माणसं ह्या गोळीच्या जिवावर उसाच्या मोळ्या उचलत्यात, बघ."

मच्छिंद्रनं पुडी कपाळाला लावली, प्रसाद लावावा तशी, आणि माझ्यात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. फुलाच्या लग्नाच्या आनंदाचं कीर्तन ठरलं. मच्छिंद्र म्हणाला, "पोरीचं लग्न मला बघता आलं नाही. आज उभं राहूनच करणार." जेवण झाल्यावर त्यानं बाटलीतल्या गोळ्या घेतल्या. थोडी वाट पाहिली, कळ थांबेना. मग त्याचा हात माझ्यात आला आणि पुडी उलगडली. पाऊण तासानं हात पुन्हा आला. दोस्तानं एवढ्या लांबून आणलेली गोळी, ती काय वाईट करणार? शिवाय एक इथली, एक गावची, दोन्ही मिळून लवकर गुण येईल, असा त्याचा साधा हिशेब.

मला कळलं असतं तरी काय केलं असतं, मित्रांनो? मी वाजतो, सांगू शकत नाही.

"केरबा, चारला उठव रे," असं म्हणून तो आडवा झाला.

चार वाजता सगळे येऊन बसले. मच्छिंद्र घोरत होता. केरबानं हात पुढं केला आणि मागं घेतला. "किती दिवसांनी शांत झोपलाय. असू दे जरा." साडेचारला घोरणं थांबलं. तेव्हा केरबानं हलवलं, मग हाका मारल्या, मग चौघांनी त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं. दवाखान्यातल्या लोकांनी खूप धडपड केली. मच्छिंद्र उठला नाही.

काय काय घेतलं होतं ते दाखवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मलाही नेलं होतं. चार दिवसांनी केरबा कागदपत्रं आणायला गेला तेव्हा औषधाच्या खिडकीवर काम करणाऱ्या शैलजाताई बाहेर आल्या आणि बाकावर त्याच्याशेजारी बसल्या. पुण्याच्या होत्या त्या.

"केरबा, तपासणीत कळलं. बाटलीतली गोळी आणि पुडीतली गोळी, दोन्हीत औषध एकच होतं. रंग वेगळा, कंपनी वेगळी, आत तेच. दोन्ही मिळून श्वासाला फार जड झालं."

"म्हंजे माझ्या पुडीनं गेला."

"तुम्ही प्रेमानं आणलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं."

केरबानं कागदपत्रं घेतली, मला उचललं आणि चालू लागला.

मच्छिंद्र पेटीतून गावी गेला, ज्या रजेची तो वाट बघत होता तिच्यावर असा गेला. केरबानं पारूवहिनींना पत्र लिहिलं. खोलीतले म्हणाले, झोपेत गेला एवढंच लिही. त्यानं सगळं लिहिलं, पुडीसकट, आणि साडेचारसकट. मग तो बोलायचा थांबला. शुक्रवार बंद पडला. पाचव्या शुक्रवारी रुकैयाबी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "भाईसाब, आपका डब्बा इतने दिन से चुप क्यूँ है? मेरा झाडू तरस गया."

केरबा वर आला, त्यानं माझ्यातलं सगळं खाटेवर ओतलं, मला काखेत मारलं आणि गाडी थेट दोह्याजवळच्या अल वक्रा गावाच्या किनाऱ्यावर नेली. मासेमारीच्या नावा वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. ऊन कलतं होतं. तो पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. मला वाटलं, झालं, खलास.

पण त्याच्या खिशात एक पाकीट होतं. आदल्या दिवशी टपालात आलेलं. पारूवहिनींचं. धीर होत नाही म्हणून न उघडलेलं. हात वर केले तसा पाकिटाचा कोपरा त्याच्या छातीला टोचला असावा. तो थांबला. मागं फिरला, एका नावेच्या सावलीत बसला, मला उपडा गुडघ्यांत धरलं आणि पाकीट फोडलं. तो अडखळत मोठ्यानं वाचत होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"केरबा भाऊजींना पारूबाईचा नमस्कार. अक्षर लेकीचं आहे, बोल माझे आहेत. तुम्ही खरं लिहिलंत. वाचून आठ दिवस तुमचा राग राग केला, खोटं कशाला सांगू? मग आठवलं, तुम्हाला रजा दिली तेव्हाही मी आठ दिवस ह्यांच्यावर रागावले होते. ह्यांनी लिहून धाडलं होतं की पारू, एका पोरीच्या डोक्यावर बापाच्या हातानं अक्षता पडल्या, आपलं काय कमी झालं? आता तुमच्यावर राग धरला तर त्यांनी दिलेलं मी परत मागितल्यासारखं होईल. ते माझ्यानं होणार नाही.

"पण भाऊजी, एक विचारते. मी अडाणी बाई. दोडक्याचं बी आणि कारल्याचं बी मी कधी एकत्र ठेवत नाही. लिहिता येत नाही, तर पुडीवर कोळशानं खूण करते. तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या औषधाच्या पुडीवर खूण का नाही? ती करा. आणि शुक्रवार बंद असेल तर चालू करा. त्यांचा डबा वाजू द्या. माझ्या कानाला इथं ऐकू येईल."

केरबानं पत्र घडी करून पुन्हा खिशात ठेवलं. मग ढसाढसा रडला, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. माझ्या बुडावर त्याची आसवं पडली, टप टप वाजली. बऱ्याच दिवसांनी मी वाजलो होतो.

पुढच्या शुक्रवारी केरबा शैलजाताईंना घेऊन आला. दुपारी तीन वाजता मला खाटेवर ओतलं. ज्या गोळ्यांचं नाव कुणालाच सांगता येईना त्या शैलजाताई नष्ट करायला घेऊन गेल्या. उरलेल्यांवर केरबानं चिठ्ठ्या चिकटवल्या. कुणाची, कशाची, कुठल्या डॉक्टरनं दिली, त्यात औषध कोणतं. कात्री खिळ्याला टांगली ती पुन्हा पाकिटाला लागली नाही. एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही, नवी घ्यायची तर ताईंना विचारून, असं ठरलं.

आणि आता मी रिकामा झालोच होतो. केरबा उभा राहिला. आयुष्यात कधी चार माणसांपुढं न बोललेला माणूस. त्याला पूर्वरंग येत नव्हता, उत्तररंग येत नव्हता. त्यानं मला उंच धरलं आणि म्हणाला, "मंडळी, हा डबा भरलेला होता तेव्हा..." वाक्य पुरं होण्याआधीच मागं बसलेल्या एकानं मला हातात घेऊन थाप मारली. खालून लगेच झाडूचा दांडा ठोकला गेला, एकदा नाही, ठेक्यात. सगळे रडता रडता हसले.

तेव्हापासून ही रीत आहे. कीर्तनाआधी मला रिकामा करायचं, एकेक औषध हातात घेऊन वाचायचं, मग वाजवायचं. नव्या माणसांना गंमत वाटते. १९८६ साली सदानंद नावाचा ड्रायव्हर आला. दाढ सुजलेली, तोंड भोपळ्यासारखं. केरबानं त्याची बॅग उघडायला लावली.

"अहो केरबाकाका, ही खोली आहे की कस्टम?" सदानंद कुरकुरला.

"कस्टमवाला सोडंल तुला, मी नाही सोडणार. ही गावची गोळी, ही इथली. दोन्ही घेतोस?"

"दोन्ही. एकीनं भागत नाही."

केरबानं दोन्ही नावं कागदावर लिहिली आणि त्याला गाडीत घालून शैलजाताईंकडं नेलं. ताईंनी कागद पाहिला आणि केरबाकडं पाहिलं. आतलं औषध एकच होतं. त्या शुक्रवारपासून मला वाजवायला तोच बसतो. आज तुम्हाला दिसेल, उजव्या हाताची थाप जरा घाईची असते त्याची.

पारूवहिनींना केरबानं ते कळवलं. उत्तर आलं, "ह्या वर्षी दोडके खूप लागले. ह्यांनी अजून एक जण जगवला म्हणायचं." एवढंच.

तर मित्रांनो, आज घरी गेलात की आईला तिचा औषधांचा डबा काढायला लावा. एकेक पाकीट हातात घेऊन नाव वाचा. इंग्रजी तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं येतं, मग त्याचा उपयोग करा. ज्याला नाव नाही ते पोटात घालू नका, देणारा कितीही आपला असला तरी. आणि माझ्यासारखे जुने डबे फेकण्याआधी एकदा वाजवून बघा.

तो पाहा, केरबा आला. केस पांढरे झालेत, पण चिठ्ठ्या अजून स्वतःच लिहितो. आता तो मला ओतेल, वाचेल, आणि सदानंद बोटं मोडून तयार होईल. माझ्यावर पहिली थाप पडली की तुम्ही डोळे मिटा आणि एका उंच सुताराची आठवण काढा. मच्छिंद्र त्याचं नाव. त्या दिवशी त्याला उभं राहून कीर्तन करायचं होतं. एवढं करा, आणि मनातल्या मनात त्याला जरा जागा द्या, म्हणजे तो उभा राहील.