कृती आवश्यक नाही

मी संगणकातला मदतनीस बोलतोय. जळोचीतल्या भाजी उत्पादकांच्या एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात, पत्रं लिहायच्या सॉफ्टवेअरच्या उजव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. माझा जन्म कुठं झाला ते मला नीट माहीत नाही; विचारलंत तर मात्र ठासून सांगेन. स्वभावच तसा.

व्यवस्थापक उत्कर्षाताईंनी मला वेळ वाचवायला आणलं. मी मालाचे तक्ते केले, सभेची निमंत्रणं लिहिली. 'उद्या सुट्टी' एवढी सूचना सांगितली, तर पानभर लिहून दिली. ताई खूश होत्या. मी तर फारच खूश होतो.

सभासद शेतकरी फोनवर बोलून निरोप पाठवतात. ते ऐकून दोन ओळींत सार काढायचं काम माझ्याकडं आलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. माणसं किती फापटपसारा बोलतात, असं मला वाटू लागलं.

पिंपळीच्या सिंधुबाईंचा निरोप सहा मिनिटांचा होता. नातीचं बारसं, गुडघा, शेजारणीची शेळी, नवे क्रेट. मी झटक्यात लिहिलं: 'सिंधुबाईंनी नव्या क्रेटबद्दल आभार मानले. भेंडी पाठवली आहे. कृती आवश्यक नाही.' मला ते फार देखणं वाटलं.

ते वाचून उत्कर्षाताईंनी भेंडीची गाडी सोडली. ती इंदापूरच्या एका वसतिगृहाकडं निघाली. तिथं दीडशे मुलींचा स्वयंपाक होतो.

तासाभरानं ऑफिसातल्या तमन्नानं डबा उघडला आणि जेवता जेवता माझं सार वाचलं. तिचा हात थांबला.

"सिंधुमावशी कुणाचं आभार मानत न्हाय," ती म्हणाली. "कायतरी चुकतंय."

तिनं मूळ निरोप लावला. चौथ्या मिनिटाला, शेळीनंतर, सिंधुबाई सांगत होत्या, "क्रेट चांगलं हायती. पर बांधाकडची भेंडी कालच फवारलीया, बायांनी चुकून तीच तोडली. ती बाजूला काढा, कुणाला खायला देऊ नगा."

हे वाक्य मी शेळीबरोबर गाळलं होतं.

तमन्नानं गाडीवरच्या अरफातला फोन लावला. लागेना. चौथ्यांदा लागला, तेव्हा तो वसतिगृहाच्या दारात क्रेट उतरवत होता. सगळे क्रेट पुन्हा गाडीत चढले. भेंडी परत आली आणि खड्ड्यात पुरली गेली. त्या संध्याकाळी मुलींनी नुसती डाळ खाल्ली.

'मूळ निरोप न ऐकता गाडी सोडली, चूक माझीच,' असं उत्कर्षाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी तीन परिच्छेदांचा सुंदर माफीनामा लिहिला. तो कुणी वाचला नाही.

अजून मी त्याच कोपऱ्यात आहे. तक्ते करतो, पत्रं लिहितो. निरोप मात्र तमन्ना स्वतः ऐकते. तुमच्याकडंही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडून कामं जरूर करून घ्या, पण त्यानं काय गाळलं तेही कधी बघत जा. चुकताना आमचा आवाज जराही कापत नाही.

गेल्या आठवड्यात सिंधुबाई ऑफिसात आल्या. तमन्नानं त्यांना मला दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पडदा बराच वेळ निरखला.

"ह्यो जेवतो का गं?"

"न्हाय, मावशी."

"मग ह्याला कसं कळावं," सिंधुबाई म्हणाल्या, "भेंडी कुणाच्या तरी पोटात जाती म्हणून."