तळव्यांखालची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. पण खिडकीची नव्हे आणि कपाटाचीही नव्हे. मी तळवे दाखवणारी काच आहे. एका बुटक्या लाकडी पेटीवर मला आडवं बसवलं आहे. पेटीच्या पोटात एक दिवा आणि एक तिरका आरसा आहे. माणूस अनवाणी माझ्यावर उभा राहिला, की त्याचे तळवे आरशात उजळून दिसतात. भार पडतो तिथली कातडी पांढुरकी होते, बाकीची गुलाबी राहते.

भट्टीत तापवून, झटकन गार करून मला टणक केलं गेलं. "हत्ती उभा राहिला तरी तडकायची नाही," असं मला घडवणारा कारागीर म्हणाला होता. हत्ती काही आला नाही. मी पायांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आले आणि तिथे माणसं येत राहिली.

पहिला तळवा पाहिला तेव्हा मी थक्क झाले. एवढ्याशा पावलात सव्वीस हाडं, मधे पुलासारखी कमान आणि तिच्यावर अख्खा माणूस, त्याच्या हातातल्या पिशव्यांसकट! कुणाची कमान पार टेकलेली, कुणाची इतकी उंच की खालून ओढा वाहावा. टोकदार बुटांत पाय कोंबून बोटावर कुरूप झालेली एक मुलगी रडवेली होऊन आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, कुरूप हे नुसतं त्याचं नाव आहे. बोटांना ऐसपैस जागा दे, ते हळूहळू जाईल. ब्लेडनं मात्र कापू नकोस."

एकदा इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एक काकू लंगडत आल्या. सोबत त्यांचे यजमान होते, ते सुतार.

"सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुया टोचतात," काकू म्हणाल्या. "चार पावलं चालले की कमी होतं. म्हणून अंगावर काढलं."

बाईंनी त्यांना माझ्यावर उभं केलं, मग टाच दाबून पाहिली. "टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "कडक फरशीवर दिवसभर उभं राहून तो दुखावलाय. उठायच्या आधी अंथरुणातच बोटं स्वतःकडे ओढून धरायची. पोटऱ्या ताणायच्या. गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातसुद्धा मऊ, जाड चप्पल घालायची. आणि धीर धरायचा, याला काही महिने लागतात."

सुतारकाका हसले. "मी पण दिवसभर उभाच असतो. पण आमचे पाय लोखंडाचे. कधी दुखत नाहीत."

"मग या, लोखंड बघू," बाई म्हणाल्या.

काका माझ्यावर चढले आणि माझ्यावर काहीतरी कर्रकन घासलं. आरशात डाव्या अंगठ्याखाली एक काळा ठिपका दिसला. भोवती लाल सूज होती. चपलेतून घुसलेला खिळा मोडून आत राहिला होता.

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की सांगा."

काका वाट पाहत राहिले. "लावा ना," ते म्हणाले.

बाईंचा दोरा केव्हाच सगळ्या तळव्यावरून फिरून गेला होता. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

तपासणीत रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली. तिनं पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकूंचा पाय ओरडत होता, म्हणून त्या आल्या. तुमचा पाय मुका झालाय. त्याचीच मला जास्त काळजी आहे. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा."

पुढच्या वेळी काकू एकट्याच आल्या. टाच बरी होती. पण डोळे सुजले होते. "बोट राहील की जाईल, अजून सांगत नाहीत," एवढंच म्हणाल्या. दुखणं हा शत्रू असतो असंच मी इतकी वर्षं समजत होते. ते तर पायानं मारलेली हाक असतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

बोट राहिलं. जखम भरायला फार दिवस लागले. साखर आटोक्यात आली. काका पुन्हा आले ते काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन, पायात मऊ बंद बूट घालून. बूट काढून ते माझ्यावर जपून उभे राहिले आणि वाकून आरशात बराच वेळ पाहत राहिले.

"इतकी वर्षं यांच्यावर उभा आहे," ते म्हणाले, "आणि ओळख आज होतेय."

आता दवाखान्यात तळव्यांचं रंगीत चित्र काढणारं नवं यंत्र आलं आहे. मी बाहेर बाकाशेजारी असते. माझ्यावर धूळ बसते, कधी कुणी पिशवी ठेवतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. लाडक्या माणसाला लोक तळहाताच्या फोडासारखं जपतात. तळपायाच्या फोडाकडे मात्र कुणी पाहत नाही. तुम्ही पाहा. आपला तळवा पाहा आणि ज्यांना वाकता येत नाही, त्यांचाही. आजोबांसमोर बसा, त्यांचं पाऊल हातात घ्या आणि विचारा, "इथे लागतंय का?" ते "नाही" म्हणाले, तरी नीट बघा.