दोन नंबर पंपाची थरथर

“काका, बाकीच्या पेट्या बोलतायत. ही एकटीच गप्प आहे.”

पंपहाउसमधल्या आवाजावर आवाज चढवत इंजिनिअर मुलगी म्हणाली आणि दोन नंबरच्या पंपापाशी उकिडवी बसली. पाइपावर बसवलेली छोटी पेटी तिने उघडली. फिटर तिच्या मागे हात पुसत उभा राहिला. त्याचे हात स्वच्छच होते.

या पेट्यांना ना बॅटरी होती, ना वायर. आत बोटभर लांबीची एक पट्टी, एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला वजनाचा मणी लावलेली. पाइप थरथरला की पट्टी वाकायची आणि वाकली की तिच्यावरच्या पातळ थरातून जराशी वीज निघायची. तेवढ्यावर पेटी पंपाची खबर मोठ्या ऑफिसात पाठवायची. थरथर बदलली की तिथे कळायचे, पंपाचे काहीतरी बिनसले आहे.

मुलीने पट्टीला टिचकी मारली. पट्टी बराच वेळ हलत राहिली.

“पट्टीत दोष नाही. थरथरच पोचत नाहीये तिच्यापर्यंत. वाटेत कोणीतरी खातंय ती. पाइपाला कुठे रबर वगैरे गुंडाळलंय का?”

“छे,” फिटर म्हणाला. “पाइपच म्हातारा झालाय, माझ्यासारखा.”

ती हसली. तोही हसला, पण त्याचे लक्ष पंपामागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे होते. तिथे दोन नंबरचा पाइप भिंतीला टेकून वर जायचा, आणि भिंतीपलीकडे त्याचे घर होते. ऑफिसने दिलेली दीड खोली.

बायकोच्या मणक्याचे ऑपरेशन झाल्यापासून ती त्या भिंतीलगतच्या खाटेवर पडून होती. पंप चालू झाला की भिंतीतून, फरशीतून, खाटेच्या पायांतून थरथर तिच्या पाठीत शिरायची. ती ओरडायची नाही. नुसती चादरीची कड मुठीत धरून ठेवायची. घर बदलून मिळावे म्हणून फिटरने साहेबांचे उंबरठे झिजवले, पण दुसरे घर रिकामे नव्हते. शेवटी त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूब आणल्या, पाइपावर थरावर थर चढवले, वरून पट्ट्या आवळल्या आणि राखाडी रंग मारला. त्या दुपारी बायको गाढ झोपली. इतकी गाढ, की घाबरून त्याने तिच्या नाकाशी बोट धरले.

पेट्या आल्या त्या नंतर.

काम आटोपून मुलगी पाणी प्यायला घरात आली. बायकोने पडल्या पडल्याच तिला बसायला सांगितले.

“एवढ्या आवाजात राहता कशा हो काकू?”

“आवाजाचं काही नाही गं, त्याची सवय होते. हादरे सोसत नव्हते. पण आता अगदी बंद झालेत बघ. ह्यांनी काय जादू केली कुणास ठाऊक!”

मुलीने पेला ओठांशी नेला होता, तो तसाच राहिला. तिने भिंतीकडे पाहिले, मग फिटरकडे. फिटर फडताळातल्या डब्यांची झाकणे विनाकारण घट्ट करत होता.

बाहेर पडताना ती दारात थांबली. “काका, मी पेटी खराब आहे असं लिहिते. नवी मागवू, तोवर महिना जाईल. पण तुम्ही हाताने बघत जा हं. रोज.”

“बघतो, बाई,” तो म्हणाला.

तो बघतही होता. पण उभ्या हयातीत त्याने पंप ओळखला होता तो पाइपावर तळवा ठेवून, आणि आता तळव्यालाही काही सांगावा येत नव्हता. सगळे शांत होते. त्या शांततेवर हळूहळू त्याचाच विश्वास बसला.

एका दुपारी दोन नंबरचे बेअरिंग जाम झाले. किंचाळल्यासारखा आवाज आला, जळका वास सुटला आणि पंप जागच्या जागी अडकला. त्याच्या जोडीचा एक नंबर दुरुस्तीसाठी आधीच उघडून ठेवलेला होता. टेकडीवरच्या हॉस्पिटलला पाणी जायचे ते या दोघांकडूनच. दुसऱ्या दिवशी एक नंबर घाईने जोडून चालू करेपर्यंत तिथले नळ कोरडे राहिले. रक्त शुद्ध करून घ्यायला आलेल्या माणसांना तसेच परत पाठवले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला घरी नेताना वाटेतच धाप लागली आणि त्याला लांबच्या हॉस्पिटलात हलवावे लागले. तो वाचला, पण हे कळेपर्यंत फिटरच्या घशाखाली घास उतरला नाही.

चौकशीला साहेब आले. पंपामागे टॉर्च मारून त्यांनी रबरावर नख रुतवले.

“हे कोणाचं काम?”

“माझं,” फिटर म्हणाला.

“आणि मॅडम, तुमच्या हे लक्षात आलं नाही?”

मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात फिटर मध्येच म्हणाला, “बाईंनी विचारलं होतं साहेब. मी खोटं सांगितलं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. मुलगी खाली बघत राहिली. साहेब गेल्यावर ती काहीतरी बोलायला आली, तेव्हा त्याने हातानेच नको म्हटले आणि सुरी घेऊन पाइपाकडे वळला.

रबर कापून काढायला संध्याकाळ झाली. घरात आला तेव्हा बायको जागी होती. भिंतीपलीकडचे सगळे बोलणे तिने ऐकले होते.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तूच काढायला लावलं असतंस.”

“लावलंच असतं. माझ्या पाठीपायी दुसऱ्याचा माणूस तडफडला, अहो.”

त्याने सुरी फडताळात ठेवली.

“पंप सुरू व्हायच्या आत मला दादाकडे पोचवा,” ती म्हणाली.

त्याने तिला पोचवले. मेहुण्याचे घर गावाबाहेर होते, मागे नुसते माळरान. परत आल्यावर त्याने नवे बेअरिंग बसवले आणि पंप चालू केला. पेटीवरचा दिवा मिणमिणला, मग नीट उजळला. त्याची नोकरी राहिली, पण पगारवाढ थांबली. मुलगीही पुन्हा आली नाही. तिच्या जागी दुसराच कोणी यायचा आणि आकडे बघून जायचा.

आठवड्याने त्याने मेहुण्याकडे फोन लावला.

“झोप लागते का?”

“छान लागते,” बायको म्हणाली. मग जरा अडखळून, “काल तर दुपारचीसुद्धा लागली.”

“बरं झालं,” तो म्हणाला. परत कधी येतेस, हे ओठांवर आलेले त्याने गिळून टाकले. “औषध वेळेवर घे,” असे सांगून फोन ठेवला.

सकाळी खोली झाडताना त्याच्या लक्षात आले, रिकामी खाट भिंतीपासून वीतभर सरकली होती. अंगावर माणसाचा भार नसल्याने ती हादऱ्यांनी रोज थोडी थोडी दाराकडे चालली होती. त्याने केरसुणी बाजूला ठेवली, खाट दोन्ही हातांनी उचलून पुन्हा भिंतीला लावली आणि तिच्यावरची चादर सारखी केली.